तिसऱ्या ओळीतल्या दोन मात्रा

नॅशव्हिलमधले वादक व्हर्लिन स्टॅम्परला 'इस्त्री' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नसे. डोंगरातून कुणी गाणारा यायचा, त्याच्या गाण्यात एखादी ओळ लांब, एखादी आखूड. व्हर्लिन गिटार मांडीवर घेऊन एकदा ऐकायचा, कानामागची पेन्सिल काढायचा आणि जेवायच्या सुटीपर्यंत गाण्याच्या सगळ्या चुण्या गेलेल्या असायच्या. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं. रेडिओवरच्या निम्म्या गाण्यांत त्याची गिटार होती आणि ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. तो स्वतः केंटकीच्या डोंगरातला. त्याची आई असंच लांब-आखूड, वाकडं गायची. पण तिला रेकॉर्ड काढायची नव्हती, त्यामुळे तो प्रश्न कधी उद्भवला नाही.

आता रेकॉर्ड कंपनीने त्याला एका रेकॉर्डचा निर्माता केलं होतं. गिटार तोच वाजवणार आणि शेवटचा शब्दही त्याचाच. ही रेकॉर्ड नीट झाली तर पुढच्या तीन त्याच्या. लक्ष ठेवायला कंपनीने प्रेस्टन लाइलला बसवलं होतं. लाइल न्यूयॉर्कहून बदली होऊन आला होता आणि आल्या आल्या त्याने उंच टाचांचे काउबॉय बूट घेतले होते. त्यांची सवय नसल्याने तो पुढे झुकून चालायचा. लोकांना वाटायचं, माणूस फार उत्साही आहे.

गाणारी ऑर्लीना कोम्ब्स. चाळिशीची, शर्ट शिवायच्या कारखान्यातून रजा टाकून आलेली. तिचं गाणं खेचर विकल्याचं होतं. तिसऱ्या ओळीत बाई खेचराला सांगते की नवा धनी भला माणूस आहे. मग दोन मात्रा काहीच नाही. मग चौथी ओळ.

पहिल्यांदा वाजवून झालं तसा व्हर्लिन स्टुडिओतल्या काचेआडच्या खोलीत ऐकायला आला. तिथे लाइल होता आणि टेपचं यंत्र सांभाळणारा ओटिस रकर. तिसऱ्या ओळीला लाइलचा ठेका धरणारा बूट हवेत अडकला.

"इथे काय बिघडलं?"

"बिघडलं नाही. तिथे ती थांबते."

"कशासाठी?"

व्हर्लिनने बटण दाबून पलीकडे विचारलं, "ऑर्लीना, साहेब विचारतायत, तिथे का थांबतेस?"

"तिथे थांबतात."

"कोण थांबतात?"

"गाणारे."

लाइल हसला. "गोड आहे हं बाई. चल मित्रा, तुला कशाला आणलंय? फिरव इस्त्री."

गिटारच्या कॉर्डची नावं न लिहिता आकडे मांडायची इथली पद्धत. व्हर्लिनच्या कागदावर त्या दोन मात्रांचं छोटं घर वेगळं आखलेलं होतं. खोडायला श्वासाइतका वेळ पुरे. त्याने पेन्सिल काढली, घराकडे पाहिलं आणि पेन्सिल परत कानामागे ठेवली.

"नाही फिरवत."

"म्हणजे?"

"म्हणजे राहू दे वाकडं. साहेब, आजवर शेकडो गाण्यांतली ही जागा मी बुजवली. बुजवू का, असं मला कुणी विचारलं नाही. आज खुर्ची माझी आहे, म्हणून मीच मला विचारलं."

"आणि?"

"आणि नाही म्हणालो."

लाइलचा आवाज चढला. "अरे, सरळ सांग ना, बाईला ताल नाही म्हणून! कानात ठेक्याची टिकटिक दिली की चालली रस्ता सोडून!"

बोलताना त्याचा तळवा त्याच बटणावर होता. काचेपलीकडे सगळ्यांना ऐकू गेलं. ड्रमवाला डॉइल आपल्या काठ्या आजच आणल्यासारख्या निरखू लागला.

ऑर्लीनाने हेडफोन चढवला. "लावा टिकटिक. व्हर्लिनभाऊ, या, वाजवा."

"ऑर्लीना, गरज नाही."

"तुम्हाला नसेल."

व्हर्लिन जाऊन खुर्चीवर बसला. टिकटिक सुरू झाली आणि ऑर्लीना गायली. कुठे मागे नाही, पुढे नाही, ताणून दोरी बांधावी तशी सरळ. तिसरी ओळ संपली, लगेच चौथी. खेचर विकलं गेलं, पैसे मिळाले, पुढे चला.

"हेच!" लाइल ओरडला. "हेच पाहिजे होतं!"

"जमलं ना, साहेब?" ऑर्लीनाने विचारलं.

"शंभर टक्के!"

"मग आता नाही म्हणते. मघाशी म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, येत नाही म्हणून नखरे करते. दुसरी कुठलीही गाणी द्या, सरळ गाईन. हे नाही."

लाइल अजूनही हसत होता. "बाई, तुमच्या नाहीचं आता मी काय करू? टेपवर आहे की ते."

हे मात्र खरं होतं. ऑर्लीनाने व्हर्लिनकडे पाहिलं, विनवणी न करता, बसची वाट बघावी तसं.

"ओटिस," व्हर्लिन म्हणाला, "टेप मागे घे. पार सुरुवातीला. त्याच्यावरच पुन्हा घेऊ."

"त्याच्यावर?" ओटिसचा हात यंत्रावर थांबला. "मग आधीचं पुसलं जाईल."

"म्हणूनच."

"खबरदार!" लाइल म्हणाला. "स्टॅम्पर, ते पुसलंस तर तू निर्माता राहणार नाहीस. ही रेकॉर्ड नाही, पुढच्या तीन नाहीत, या गावात कुणाचीच नाही."

"पण पुसेपर्यंत तर मी निर्माता आहे ना?"

लाइल पुढे काही बोलायच्या आत ओटिसने टेप फिरवली. त्याला हुकूम लागत होता, तो निर्मात्याकडून मिळाला होता. बाकीचं वरच्या लोकांनी बघावं, असं त्याचं एकंदर आयुष्याबद्दलच मत होतं.

"टिकटिक?" डॉइलने विचारलं.

"बंद."

"मग तिथे थांबायचं किती? आकडा सांग बाबा."

"आकडा नाही. तिच्याकडे बघ."

खुर्च्या करकरल्या. सगळे वादक तिच्याकडे तोंड करून बसले. लाल दिवा लागला. ऑर्लीना गाऊ लागली. तिसऱ्या ओळीत तिने खेचराला सांगितलं, नवा धनी भला माणूस आहे. सगळे हात थांबले. डॉइलच्या काठ्या वरच राहिल्या, व्हर्लिनने तारांवर तळहात टेकला. ती शांतता लांब वाटली, आणि होतीही तितकीच लांब. मग चौथी ओळ आली आणि सगळे एकदम तिच्याबरोबर चालू लागले.

शेवटची तार विरून दिवा विझला तेव्हा काचेआडून लाइलचा आवाज आला, फार शांत. "स्टॅम्पर, तू आता निर्माता नाहीस."

"बरं," व्हर्लिन म्हणाला आणि गिटार पुन्हा सुरात लावायला घेतली. "मग निर्माते तुम्ही. बोला साहेब, पुढचं गाणं कुठलं? गिटारवाला म्हणून एक वाजेपर्यंतचं काम ठरलंय माझं."