भरली ओटी

हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या मराठी महिला मंडळात नागपूरच्या वकीलबाई भाषण करून गेल्या. बायकांच्या हक्कांसाठी जगातल्या देशांनी मिळून करार केलाय, गेल्या वर्षी आपल्या देशानंही तो मान्य केला, आता मार खाणाऱ्या बाईची दाद सरकारला घ्यावीच लागेल, असं त्यांनी ठासून सांगितलं. टाळ्या झाल्या, चिवडा झाला. मनकर्णेनं मात्र शब्द न् शब्द खरा धरला. पदराखाली तिचा भाजलेला हात ठणकत होता. नाइट ड्यूटीवरून आलेल्या नवऱ्यानं, देवरावानं, सकाळीच तो तव्यावर दाबला होता.

अध्यक्ष सुशीलाबाईंकडे तिनं एवढंच मागितलं, की कुणीतरी साक्षीला ठाण्यात चला. आज रिपोर्ट लिहिला गेला नाही, तर पुन्हा त्याच घरात जावं लागेल. पण सुशीलाबाईंच्या राज्यात पोलिसांचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांचा तोडगा ठरलेला. नवऱ्यानं मंडळात यायचं, मान खाली घालायची, साडी-नारळ द्यायचा, बायकांनी ओटी भरायची, की मिटलं. मनकर्णेचं असं दोनदा मिटलं होतं. या वेळी निरोप जाताच देवराव साडी घेऊनच आला. मान खाली घालण्यात हा गडी भलताच तरबेज.

चारचौघींसमोर ओटी नाकारणं तिच्या हातून झालं नाही. पण घराकडे न वळता ती तशीच एकटी ठाण्यात गेली. भरली ओटी वाटेत रिकामी करायची नसते, हे आईनं शिकवलेलं, आणि तिथंच घात झाला.

ठाण्यात रिपोर्ट लिहिणाऱ्या मुन्शीनं तिचा हात पाहिलाच नाही, पदरातला नारळ पाहिला. कुणी परस्पर तक्रार केलीच, तर मंडळ ती मागे घ्यायला लावी, आणि त्या बायका अशीच ओटी घेऊन येत.

"समझौता तो हो गया, बाई," तो म्हणाला.

मनकर्णेला असा संताप आयुष्यात कधी आला नव्हता. तिनं पदर सोडला. नारळ गडगडला, तांदूळ टेबलभर सांडले.

"आता नाई झाला समझौता. मले घरी नाई जायचं. लिवा."

मुन्शी देवभोळा माणूस. त्यानं तांदूळ निगुतीनं गोळा केले, कागदात बांधले, वर नारळ ठेवला, आणि तिला घरी न्यावं म्हणून देवरावला बोलवायला शिपाई धाडला.