तात्पुरती लावलेली नळी

मी एक जुनी पेट्रोलची नळी आहे. काळ्या रबराची, जेमतेम वीतभर लांबीची. मित्रांनो, गाडीचे बॉनेट उघडले की माणसे इंजिन बघतात, बॅटरी बघतात. माझ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तरी माझी गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. आयुष्यातले पंधरा दिवस मी जीव मुठीत धरून काढले, आणि त्याच पंधरा दिवसांत एका घरातली माणसे माझ्या भरवशावर हसतखेळत फिरत होती.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. पोटात सुताचा एक पदर घालून मला तयार केले आणि एका सायीच्या रंगाच्या गाडीत बसवले. गाडीच्या मालकांचे चष्म्याचे दुकान होते. माझे काम सोपे होते. लोखंडी पाइपातून आलेले पेट्रोल मी कार्ब्युरेटरकडे पोहोचवायचे. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र कालवणारे भांडे. त्याला घाई नसे. तान्हे बाळ दूध ओढते तसे तो माझ्यातून पेट्रोल ओढायचा.

गाडीची देखभाल मालकीणबाईंचा भाऊ करायचा. तो मेकॅनिक होता. घरातले सगळे त्याला मामा म्हणत. दर खेपेला तो मला दोन बोटांत दाबून बघायचा आणि म्हणायचा, असे रबर हल्ली मिळत नाही. हे ऐकून माझी छाती फुगायची. नळीला छाती नसते, पण तुम्ही समजून घ्या.

त्या गाडीला पेट्रोलचा वास कायम यायचा. कार्ब्युरेटर म्हातारा होता, मधूनमधून सांडायचा. मालकांची मुलगी आणि मुलगा त्याच वासात मागच्या सीटवर झोपून मोठे झाले. त्यांना तो वास कळतही नसे.

पुढे गाडी कुरकुरू लागली. थंडीच्या सकाळी ती अर्धा अर्धा तास सुरू होईना. शेजारी म्हणू लागले, विकून टाका. मालक ऐकेनात. शेवटी मामाने तोड काढली. इंजिन तेच ठेवायचे, कार्ब्युरेटर काढायचा आणि गाडी एमपीएफआय करायची. म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एकेक बारीक इंजेक्टर बसवायचा, आणि कुणी किती पेट्रोल कधी फवारायचे हे एका छोट्या संगणकाने ठरवायचे.

मामा नऊ दिवस राबला. नव्या वायरी आल्या, टाकीत विजेवर चालणारा पंप आला. त्या पंपाचा जोर सोसेल अशी जाड नळीही आली. पण मापात चूक झाली आणि ती वीतभर कमी पडली. सुट्या भागांचे दुकान दोन दिवस बंद होते. मामाने कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिले.

"तात्पुरती हीच राहू दे," तो मालकांना म्हणाला. "ठणठणीत आहे. पुढच्या आठवड्यात बदलू, दाजी."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची स्तुती ऐकून धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी चावी फिरवली. टाकीतला पंप गुणगुणला आणि क्षणात माझ्या पोटात असा रेटा आला, की डोळे असते तर बाहेर आले असते. पूर्वीच्या दहापट जोर होता तो. गाडी एका झटक्यात सुरू झाली. मालकांनी मामाच्या पाठीवर थाप मारली, मालकीणबाईंनी भावाला आग्रह करून जेवायला थांबवले. मी मात्र खाली पाहत होते. माझ्या बरोबर खाली धुराचे पाइप होते, चढावर तापून लाल होणारे. मी फुटले तर पेट्रोल नेमके तिथेच पडणार होते.

चौथ्या दिवशी माझ्या टोकाशी केसाएवढी चीर पडली. तिथून थेंब झिरपू लागला. मी ओरडू शकत नव्हते. वास सोडण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते.

तो वास फक्त एकीला आला. घरात दोनच महिन्यांपूर्वी लग्न होऊन सून आली होती. तिला त्या गाडीची सवय नव्हती. तिने नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, हा वास नसला तर मला घरच्या गाडीत बसल्यासारखे वाटत नाही. मग तिने भीतभीत सासूबाईंना सांगितले. वासाने मळमळते, असेही बोलून गेली. झाले! मालकीणबाईंचा चेहरा एकदम उजळला.

"गोड बातमी आहे का गं काही?" त्यांनी हळूच विचारले.

संध्याकाळपर्यंत ही कुजबुज फोनवरून घाटापलीकडे राहणाऱ्या नणंदेपर्यंत पोहोचली. जो तो सुनेकडे बघून हसू लागला. ती बिचारी लाजेने गप्प झाली. आणखी एक अडचण होती. वास येतो म्हणायचे, म्हणजे मामाच्या कामाला नावे ठेवायची. नव्या सुनेने सासूच्या भावाला नावे ठेवली, तर घरात काय होईल ते तिला ठाऊक होते. तिची भीती आणि माझी भीती वेगळी होती, पण त्या दिवसांत त्या घरात घाबरलेल्या आम्ही दोघीच होतो.

पुढचा आठवडा आला आणि गेला. मामा म्हणाला, आता पुढच्या आठवड्यात नक्की.

मग एके सकाळी घाटापलीकडे जायचे ठरले. सुट्टीला आलेली नणंदेची दोन लहान मुले परत पोचवायची होती. तीन तासांचा चढ! मला माझ्या चिरेची लांबी माहीत होती. अर्धा चढही मी काढणार नाही, हे मला कळून चुकले. मुले मागे बसून खिडकीची काच वरखाली करत होती. सामान चढले. मालक चावी घेऊन निघाले तेव्हा सून दारात उभी राहिली आणि तिने त्यांच्या हातातून चावी घेतली.

"मामंजी, मुलांना खाली उतरवा," ती म्हणाली. "मामांना बोलवा. ते आल्याशिवाय मी चावी देणार नाही. मग मला काय बोलायचं ते बोला."

मालकीणबाई बोलल्याच. आमच्या घरात कुणी अशी चावी हिसकावली नव्हती, म्हणाल्या. सून रडत होती, पण मूठ उघडेना. अखेर मुले उतरली आणि मामाला निरोप गेला.

मामा आला तो फुरंगटूनच. त्याने बॉनेट उघडले, इंजिन सुरू न करता चावी अर्धीच फिरवली. पंपाने जोर धरला. मी जिवाच्या आकांताने स्वतःला आवळून धरले, पण आता माझ्यात काही उरले नव्हते. चीर उघडली आणि सुईसारखी धार थेट धुराच्या पाइपांवर उडाली.

पाइप गार होते. मित्रांनो, ते गार होते.

मामाने चावी बंद केली. वाकून चिरेवर बोट ठेवले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, मी पुन्हा 'पुढच्या आठवड्यात' असंच म्हणणार होतो."

मालकीणबाईंनी दोन्ही नातवंडांना जवळ ओढले आणि तिथेच पायरीवर बसल्या. मालकांनी चष्मा काढून पुसला. "गाडी माझी, मेव्हणा माझा," ते म्हणाले, "आणि वास मात्र परवा आलेल्या पोरीला."

त्याच दुपारी मामाने योग्य मापाची जाड नळी आणून बसवली. घाटाचा प्रवास दुसऱ्या दिवशी झाला, सुखरूप झाला. त्या गाडीला आता वास येत नाही.

मला काढल्यावर मामाने सवयीने आपल्या डब्यात टाकले. त्या डब्यावर 'उपयोगी पडेल' असे लिहिले होते. माझा पुन्हा थरकाप उडाला. उद्या कुणी मला उचलेल, एक टोक कापून टाकेल, दोन बोटांत दाबेल आणि म्हणेल, चांगली आहे की! इतक्यात जवळ उभ्या असलेल्या सुनेने विचारले, "मामा, ती परत कुणाच्या गाडीत जाईल का?"

मामाने मला बाहेर काढले आणि धारदार चाकूने या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे चिरले. मला दुखले नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी सैल पडले.

माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांच्या ताकदीपलीकडचे ओझे त्यांच्यावर टाकू नका. आणि घरात नव्याने आलेले कुणी म्हणाले की कसलातरी वास येतोय, तर आधी हसू नका. उठा आणि बघून या.