ओट्यावरच्या हंड्या

शिडीच्या वरच्या पायरीवर पोहोचताच वायरमनने मधल्या हंडीवरून बोट फिरवलं आणि ते खाली वाकून काकूंना दाखवलं. बोटाचं टोक पिवळं, चिकट झालं होतं.

"बरेच दिवस पुसलेल्या दिसत नाहीत."

"पुसणार कोण? माझे गुडघे मला स्टुलावर चढू देत नाहीत," काकू म्हणाल्या. "तिन्ही काढून भंगारात टाका आणि छताला साधा दिवा लावून द्या. दिसायला देखण्या, पण डोक्याला ताप."

ओट्यावर टांगलेल्या दिव्यांच्या त्या तीन काचेच्या हंड्या काकांनी हौसेने आणल्या होत्या. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस. आळीतली लहानथोर मंडळी त्यांना चष्मेकाका म्हणत. 'स्वयंपाकघरात काच टांगताय, तळणाचा धूर बसेल, मी पुसणार नाही,' असं काकूंनी तेव्हाच बजावलं होतं. काकांनीही पुसायला कधी सांगितलं नाही. स्वतःच हंड्या उतरवायचे, कोमट साबणपाण्यात बुडवायचे, मऊ फडक्याने कोरड्या करायचे आणि एक डोळा मिटून उजेडाकडे धरून बघायचे, गिऱ्हाइकाचं भिंग तपासावं तसं.

हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. हंड्यांवर थर चढत गेला.

जीभ हळूहळू सुटेल, त्यांना बोलतं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण एखादा शब्द ओठांशी येऊन अडला, काकांच्या कपाळावर घाम जमला, की काकूंचा जीव खालीवर व्हायचा. 'पाणी हवंय ना?' 'खिडकी लावू का?' भेटायला आलेल्यांना, फोनवर लेकीला, सगळ्यांना काकूच सांगायच्या, 'ते म्हणताहेत, बरं आहे आता.' काका मान हलवायचे. पुढे पुढे त्यांनी तोंड उघडणंच सोडून दिलं. आजाराने माणूस मिटत चाललाय, असं काकूंना वाटे. त्या मग आणखी जपून, आणखी चटकन बोलायच्या.

हंड्या काढायचं ठरलं तेव्हाही त्यांनी विचारलं होतंच. काकांनी मान हलवली होती. ती होकाराची की नकाराची, हे बघायला काकू थांबल्या नव्हत्या. दूध उतू जात होतं.

"मेन बंद करून या, काकू," वायरमन म्हणाला. "तोवर मी काचा सोडवतो."

मेनचं बटण बाहेर जिन्यात होतं. काकूंनी ते खाली ओढलं. घुरघुरणारा फ्रिज गप्प झाला. त्या परत फिरून दाराशी आल्या, तेवढ्यात आतून आवाज आला.

"का... का..."

'काढा म्हणताहेत,' हे शब्द काकूंच्या ओठांवर आलेसुद्धा. मग त्यांना वायरमन दिसला. त्याचे दोन्ही हात हंडीच्या गळ्याशी होते आणि दातांत काढलेले स्क्रू होते. बोलणं त्याला शक्यच नव्हतं. टेबलाशी बसलेल्या काकांकडे मान वळवून तो नुसता थांबला होता. त्याच्या नजरेत घाई नव्हती, कीवही नव्हती.

"काढा," काका म्हणाले.

मग बराच वेळ काहीच नाही. काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली.

"पण... फे... फेकू नका. मी धु... धुतो."

वायरमनने स्क्रू तळहातावर काढून घेतले.

"एका हाताने कसं जमणार, काका?"

"डावा... आहे की."

वायरमन हसला. काकांचं तोंडही वाकडं का होईना, फाकलं. काकू मात्र तिथेच उभ्या राहिल्या. आपण बोलून गेलो असतो तर त्या हंड्या आत्ता खाली भंगारात गेल्या असत्या. आणि गेल्या काही महिन्यांत असं काय काय गेलं असेल, कोण जाणे. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आत आल्या.

टेबलावर टॉवेल अंथरला, घमेल्यात कोमट पाणी ओतलं. काकूंनी हंडी दोन्ही हातांनी धरली आणि काकांनी डाव्या हातात फडकं घेतलं. फडकं निसटायचं, साबण बाहीवर ओघळायचा. 'द्या इकडे, मी करते,' हे काकूंनी कितीदा तरी गिळलं.

"अशी... न... नको धरू," काका एकदा म्हणाले.

"मग कशी?"

उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा काकूंनी हंडी तशीच धरली.

तीन हंड्या व्हायला दुपार टळली. मधे दुसरं काम उरकून आलेल्या वायरमनने त्या पुन्हा टांगल्या, मेन सुरू केलं. एका काचेवर डाव्या हाताचा धूसर फराटा राहिला होता. दिवा लागल्यावर तो चांगलाच दिसत होता.

"पुन्हा उतरवायला कधी येऊ?" शिडी मिटता मिटता वायरमनने काकूंना विचारलं.

काकूंनी तोंड उघडलं, मिटलं आणि काकांकडे पाहिलं. वायरमनही तिकडे वळला. काकांचे ओठ हलले, अडले, पुन्हा हलले.

काकूंनी खुर्ची ओढली आणि त्या निवांत बसल्या.