महालक्ष्म्यांच्या जोड्या

चूक माझी होती, म्हणून ती आधी सांगते.

माझी आई भारती प्रताप नगरात घराच्या पुढच्या खोलीत साड्या विकते. आजोबांच्या वेळेस घरात हातमाग होता, आता कपाटं आहेत. वर्षाचा खरा धंदा महालक्ष्म्यांचा, म्हणजे गौरींचा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघींना एकसारखी साडी लागते, म्हणून गिऱ्हाईक जोडीच मागतं, आणि अशा जोड्या गांधीबागेतल्या रविंद्रभाऊंच्या ठोक दुकानात आधी सांगून ठेवाव्या लागतात. यंदा आईनं शंभर सांगितल्या होत्या. पक्कं करायला सोमवारपर्यंत मुदत होती. उरल्या तर भांडवल वर्षभर अडकणार, घेतल्या नाहीत तर हंगाम हातचा जाणार.

सांख्यिकीत एम.एस्सी. करून मी नोकरी शोधत होते. रिकामा वेळ होता, म्हणून दोन वर्षांची बिलबुकं संगणकावर चढवली. एक ते पंचवीस ऑगस्ट, गेल्या वर्षी एकशे अठ्ठेचाळीस साड्या, यंदा एकसष्ट. आलेख काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी महादेवकाका हजर. ते वीजखात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून शेअर बाजार बघतात. बाजार कोसळण्याची तारीख त्यांनी या वर्षात चारदा सांगितली होती. चारही तारखा काही न होता गेल्या होत्या.

"वहिनी, पाह्यलं का? तुमच्याच पोरीनं काढलं," ते फोन पुढे करून म्हणाले. "मी सांगून राहिलो तं कोणी ऐकत नाही. पोळ्यापर्यंत बाजार झोपते. शंभर जोड्या कोणाले विकसान?"

"बायकांच्या खात्यात सरकारचे पैसे येऊन राहिले ना भाऊजी."

"येऊन राहिले तं गेले कुठं? सरकारनं पैसे वाटले तं बाजार उचलते म्हणे. एकसष्ट साड्या. हे उचलणं आहे का?"

 काका गेल्यावर आईनं रविंद्रभाऊंचा नंबर काढला आणि बराच वेळ नुसता पाहिला.

"रद्द करतेस?" मी विचारलं.

"तुह्या मशीनीतच आलं ना वं. मले तं वाटत होतं, आता कुठं श्रावण लागला. बाया पोळा झाल्याशिवाय कुठं निंगतात?"

माझा हात कॅलेंडरकडे गेला. यंदा अधिक ज्येष्ठ महिना आला होता, म्हणून पुढचे सगळे सण लांबले होते. गेल्या वर्षी महालक्ष्म्या ऑगस्टच्या शेवटी आल्या, यंदा सप्टेंबरच्या मध्यावर. मी सणाच्या तोंडावरचे दिवस आणि सणाला तीन आठवडे असलेले दिवस शेजारी ठेवले होते. ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं केली असती तर मी हसले असते.

इंग्रजी तारखा काढून टाकल्या. सणाला किती दिवस उरले, त्या हिशेबानं सगळी बिलं पुन्हा मांडली. गेल्या वर्षी त्याच अंतरावर अठ्ठावन्न, यंदा एकसष्ट.

मग काकांचा दुसरा प्रश्न घेतला, पैसे गेले कुठं, कारण तो खरोखर चांगला होता. सरकारी हप्ता दर महिन्याला वेगळ्या तारखेला येतो, त्यामुळे पगाराच्या दिवसांशी त्याची गल्लत होत नाही. हप्त्यानंतरच्या आठ दिवसांत पाचशेच्या आतल्या साड्या जवळजवळ दुप्पट जात होत्या. त्यापुढच्या आठवड्यात थोड्या कमी, म्हणजे काही खरेदी नुसती आधी झालेली. ते वजा करूनही पाव हिस्सा वाढ उरत होती. महागड्या साड्यांना मात्र काहीच फरक नव्हता.

"म्हणजे पैसा येते, पण खालच्या कप्प्यात येते," आई म्हणाली.

"आपल्या दुकानात तरी. देशाचं मला माहीत नाही. शेअर बाजाराचंही नाही."

सोमवारी आईनं फोन केला. महागाच्या साठऐवजी तीस, स्वस्ताच्या चाळीसऐवजी नव्वद. एकशेवीस जोड्या. रविंद्रभाऊ तिकडून म्हणाले, "ताई, सगळे कमी करून राहिले, तुम्ही वाढवता?"

"हो," आई म्हणाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेअर बाजार खरंच पडला, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. काका फोन उंच धरूनच दुकानात शिरले. पण उंबऱ्यापासून कपाटापर्यंत बायका उभ्या होत्या. हप्ता आदल्या दिवशी जमा झाला होता. ते आमचं नशीब, माझ्या गणितात नव्हतं.

"सांगतलं होतं का नाही?" काका गर्दीवरून म्हणाले.

"सांगतलं होतं जी. त्या वरच्या जोड्या काढा आधी, माहा हात पुरत नाही," आई म्हणाली.

काकांनी फोन खिशात टाकला आणि स्टुलावर चढले. अर्ध्या तासात ते "बाई, हा रंग दोघींनाही शोभते" म्हणू लागले. दुपारपर्यंत त्यांनी एकट्यानं अकरा जोड्या विकल्या, त्यातल्या दोन महागाच्या.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी शेजारच्या वच्छलाकाकू आल्या तेव्हा कपाटात चार जोड्या होत्या. त्यांनी हिरवी घेतली. चार वाजता शेवटची जोडी वाडीच्या एका बाईंनी नेली. आईनं रविंद्रभाऊंना आणखी वीस मागितल्या.

"ताई, माह्याकडं एक नाही. सगळ्यांनी कमी सांगतल्या, आता सगळेच मागून राहिले."

आईनं फोन ठेवला आणि रिकाम्या कपाटाची चारही दारं सताड उघडी टाकली, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही आतपर्यंत दिसावं अशी.