तळ्यातली होडी

शिल्पस्पर्धेचे परीक्षक चार वाजता यायचे होते, आणि अडीचला वहिनी धापा टाकत धाकटीच्या शेडच्या दारात उभी.

"जिन्याखालच्या खोक्यात एक पिवळा लखोटा होता का गं?"

धाकटीनं हातातला ब्रश खाली ठेवला. दादाच्या घरचा नियम जुना होता: त्या खोक्यात जे पडेल ते शिल्पकार बहिणीचं. फाटके स्वेटर, अंड्यांचे ट्रे, झिजलेले झाडू, वापरलेली कॉफीची पूड. धाकटी त्यांची रानं करायची, टेकड्या करायची. "आमच्याकडे कचरा टाकत नाहीत, बहिणीकडे पाठवतात," असं दादा येईल त्याला ऐकवायचा.

"तुझ्या दादाचे नऊ वर्षांपूर्वीचे एक्स-रे होते त्यात," वहिनी म्हणाली. "आवरताना मीच मेलीनं टाकले. डॉक्टर म्हणतात, छातीतला डाग तेव्हाही एवढाच असला, तर हात लावायचा नाही. नाहीतर उद्या सकाळी ऑपरेशन. पाचपर्यंत आहेत ते. आणि जिथं ते काढले, तो जुना दवाखाना कधीच बंद पडलाय."

एवढं बोलून तिनं मान खाली घातली. फोडून दे, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. समोर धाकटीची दोन वर्षांची मेहनत होती, डोंगरांमधलं तळं, आणि लखोट्यातली फिल्म त्यातच गेली होती.

लखोटा उघडला तेव्हा धाकटी हरखून गेली होती. तसला निळसर काळा रंग कुठल्या डब्यात मिळत नाही. तिनं त्या फिल्मचं तळं केलं, वर काच बसवली आणि काचेच्या चारी कडांवर डोंगर रचले. दादाच्याच स्वेटरांचे, प्लास्टरमध्ये भिजवून दगडासारखे कडक केलेले.

"डाग होता त्यात?"

"होता." तो तर तिनं मुद्दाम मधोमध आणला होता. तांदळाएवढा पांढरा ठिपका, लांबून होडी दिसावी असा. ही कुणाची तरी छाती आहे, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आता तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"आणि नाव, तारीख?"

"कोपऱ्यात. मोठ्या डोंगराखाली."

"परीक्षक बघून जाऊ देत, मग..."

"ते पाचपर्यंत नुसतं कौतुकच करतील, वहिनी. तो हातोडा दे."

पहिलाच घाव चुकला. काचेला थेट होडीपर्यंत तडा गेला. वहिनीनं डोळे गच्च मिटले. धाकटीनं हातोडा टाकून छिन्नी घेतली आणि डोंगर बाहीबाहीनं सोलून काढला. खालून कोपरा निघाला. गोंदानं माखलेला, पण नाव वाचता येत होतं, तारीखही. दारावर 'डोंगर कोसळला आहे' असा कागद चिकटवून, फिल्म घेऊन दोघी पळाल्या.

पावणेपाचला डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म उजेडावर शेजारीशेजारी लावली. पट्टीनं मोजलं. पुन्हा मोजलं. दादा टेबलापलीकडून त्या पट्टीकडेच बघत होता.

"तेवढाच आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या ऑपरेशन नाही. घरी जा."

दादानं गोंद लागलेली फिल्म हातात घेतली.

"तुला हा ठिपका दिसला नव्हता?"

"दिसला होता," धाकटीला रडू कोसळलं. "मला होडी वाटली रे, दादा."

दादानं फिल्म पुन्हा उजेडाकडे धरली.

"नऊ वर्षं नांगर टाकून बसलीय बिचारी," तो म्हणाला. "राहू दे तिथंच."