उचकीवाल्याची संथ चाल

“काका, एकदा उचकी द्या ना. एकच!”

लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या मेकॅनिकला निदान तिथे तरी कोणी ओळखू नये, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हती. पण वरून तीन डोकी खाली वाकली होती आणि त्यातलं एक इमारतीच्या मॅनेजरचं होतं.

“ब्रेक बघू की उचकी देऊ?”

“दोन्ही!”

पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याचं एक गाणं गाजलं होतं. मागणी घालायला गेलेल्या आणि ऐनवेळी उचकी लागलेल्या माणसाचं. दर ओळीआधी थांबायचं, उचकी द्यायची, मग शब्द. लग्नात, बसमध्ये, न्हाव्याकडे, जिथे तिथे तेच. कंपनीने मग त्याच्याकडून जांभईचं गाणं गाऊन घेतलं, मग घोरण्याचं. दोन्ही आपटली आणि तो मुकाट्याने परत लिफ्टकडे वळला. उचकी मात्र चिकटली ती चिकटलीच. सासुरवाडीलासुद्धा तो ‘उचकीराव’.

आज त्याला लवकर निघायचं होतं. त्या गाण्याला चाल लावणारा पेटीवाला गेला होता आणि दुपारी शोकसभा होती. वहिनींचा फोन आला होता, “भावजी, यांची ती संथ चाल तुम्हीच गा. दुसऱ्या कोणाला येतेय ती?”

खरंच कोणाला येत नव्हती. पेटीवाल्याने ती त्याच्याच गळ्यासाठी बांधली होती. कंपनीने ऐकून विचारलं होतं, “यात उचकी कुठाय?” तेव्हापासून ती पडून होती. लोकांसमोर ती एकदा तरी नीट गायची, एवढंच त्याला हवं होतं.

घरी शर्ट हातात देताना बायकोने बजावलं, “मधे थांबू नका. तुम्ही थांबलात की लोक हसतात.”

“मग श्वास घेऊ नको की काय?”

“कमी घ्या.”

शोकसभेत पहिली ओळ छान गेली. दुसरीआधी त्याने श्वास घेतला आणि मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. तिसरीआधी अख्खी रांग हलायला लागली. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या कानांना सवय होती. त्याने डोळे वटारले, तर तोही नकलेचा भाग ठरला. मग त्याने एका दमात दोन ओळी रेटल्या, धाप लागून थांबला आणि सभागृहात हशा फुटला.

आता माईक ठेवायचा आणि एकेकाला झापायचं, असं त्याने ठरवलं. “अरे, माणूस गेलाय इथे!” हे अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेकडे नजर गेली. वहिनींच्या तोंडाला रुमाल होता, खांदे गदगदत होते. शेजारी बसलेली मुलगी चकित होऊन आईकडे बघत होती. रुमाल खाली आला. वहिनी हसत होत्या. नवरा गेल्यापासून ज्या बाईने धड घोटभर चहाही घेतला नव्हता, ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

शेवटचं कडवं उरलं होतं. त्यातल्या एका सुरासाठी पेटीवाल्याने त्याचं डोकं खाल्लं होतं. “इथे थांब, मग वर चढ. घाई केलीस तर बघ!”

तो त्या जागी आला. थांबला. सगळे वाट बघत होते. वहिनींनी मान वर केली.

त्याने उचकी दिली.

हशा उसळला. वहिनी खुर्चीत मागे रेलल्या, मुलीचा हात धरून. त्या गलक्यात तो वर चढला. सूर नेमका लागला. कोणालाच तो ऐकू आला नाही.