बियांच्या इतिहासातलं पाचवं पान

'पाचवं पान तुम्ही गिळलंत, साहेब. आणि ढेकरसुद्धा दिला नाही.'

मुख्य कचेरीला लिहायच्या पत्राची डबेमास्तरांनी अशी सुरुवात केली, आणि स्वतःच्या धाडसावर खूश होऊन ती तीनदा वाचली. जंगली झाडांच्या त्या रोपवाटिकेत ते सव्वीस वर्षं बिया सांभाळत होते. रोपवाटिकेला साठ वर्षं झाली म्हणून कचेरीनं पुस्तिका काढली, आणि बियांच्या साठवणुकीचा इतिहास लिहायचं काम यांच्या गळ्यात पडलं. शाळेत निबंधाला दहापैकी चारच्या वर कधी न गेलेल्या माणसानं चक्क सहा पानं लिहिली.

पहिल्या पानावर राखेत घोळवलेल्या बियांची मडकी. दुसऱ्यावर उंदरांचं राज्य. तिसऱ्यावर मेण लावून बंद केलेले पत्र्याचे डबे आणि तिथली जुनी रीत: डबा भरणाऱ्यानं सहीची चिठ्ठी आत टाकायची, म्हणजे उघडणाऱ्याला शिव्या कुणाच्या नावानं घालायच्या ते कळतं. चौथ्यावर थंड खोली. पाचव्यावर खुद्द मास्तर, अक्कल गहाण टाकलेल्या अवस्थेत.

झालं होतं असं. ओढ्याकाठची मोठी झाडं सात वर्षांतून एकदा फळतात. मागच्या वेळी ती फळली तेव्हा थंड खोली नवी कोरी होती, आणि पाठोपाठ परिपत्रक आलं होतं: सर्व बिया वाळवून, डबाबंद करून थंडीत ठेवाव्यात.

वाफ्यांवर काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मास्तर, ही बी ओलीच ठेवायची. वाळली की मेली."

"मावशी, सर्व म्हणजे सर्व. कागद वाचता येतो का तुम्हाला?"

"कागद नाही वाचता येत. बी येते."

मास्तर पोट धरून हसले. चार हजार बिया आठ दिवस उन्हात पसरल्या, डब्यांत भरल्या, चिठ्ठीवर वळणदार सही ठोकली. वर्षभरानं पेरल्या. बेचाळीस दिवस पाणी घातलं. वाफ्यावर पाटीसुद्धा लावली: 'सावकाश चाला, अंकुर येत आहेत.' लोक बिचारे सावकाश चालले. अंकुर काही आला नाही. शेवटी एक बी कापली, तर आत काळा भुगा. मास्तरांनी डब्यातली चिठ्ठी पुन्हा काढून बघितली. न जाणो, सही दुसऱ्या कुणाची निघाली तर!

मावशींनी मात्र तेवीस बिया नळाखालच्या ओल्या वाळूत गुपचूप पुरल्या होत्या. त्यांतल्या एकोणीस महिन्याभरातच रुजल्या. कुंड्यांतली ती रोपं बघून मास्तर म्हणाले होते, "हे कसलं तण वाढवलंय? उपटा."

हे सगळं त्यांनी पाचव्या पानावर लिहिलं. छापून आलेल्या पुस्तिकेत चौथ्यानंतर थेट सहावं पान होतं. आणि नेमकी यंदा झाडं पुन्हा फळली. यांची धरून सात रोपवाटिकांना बियांची एकेक गोणी गेली, प्रत्येक गोणीला तेच जुनं परिपत्रक शिवलेलं.

मास्तरांनी फोन लावला.

"अहो, साठीच्या पुस्तिकेत रडगाणं कशाला?" साहेब म्हणाले. "तुमचीच अब्रू वाचवली आम्ही."

"माझी अब्रू मी वाफ्यात पुरली, साहेब. तीपण उगवली नाही. परिपत्रक बदला."

"बघू."

मावशी दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"म्हणजे तुमचं बोलणं वाळवून डब्यात घातलं."

त्या दिवशी दोघांनी मिळून गोणीभर बिया ओल्या वाळूत दाबल्या. मास्तरांचे गुडघे कुरकुरले, मावशी त्यांना हसल्या, ते स्वतःला हसले. वाळूच्या पेटीत सहीची चिठ्ठी टाकली. यावेळी सही मावशींची घ्यायची म्हणून मास्तर हट्टाला पेटले. मावशींनी अंगठा उठवला आणि तो पदराला पुसला.

मग मास्तरांनी पत्र पुरं केलं:

'आमची गोणी ओली आहे. तुमचं परिपत्रक मोडून ठेवली आहे, काय करायचं ते करा. बाकीच्या सहा ठिकाणी माझ्यासारखेच सहा शहाणे आज बिया उन्हात पसरत असतील. त्यांच्या हातात आठ दिवस आहेत. पाचवं पान त्यांना कुठल्या तारखेला पाठवताय? मेलेल्या डब्यात माझी चिठ्ठी होती, साहेब. यंदाच्या सहा डब्यांत कुणाची टाकायची? उत्तर टपालानं नको, फोनवर द्या. हे वाचाल त्याच क्षणी.'